पॉलिसीत न बसणारा चेहरा

१२ नोव्हेंबर

ठकू,

फोन करू नका असं तू सांगितलंस, म्हणून करत नाही. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, तेव्हा ही पळवाट. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून मी चालवून बघत होतो आणि ती नेमकी आत आली. पळायला जागाच नव्हती बिचारीला.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. लिफ्टवाल्याचे पाय का दुखतात असं लोक विचारतात; त्यांना कसं सांगू, की लिफ्ट बंद पडल्यावरच मला बोलावतात, म्हणजे जन्मभर मी जिनेच चढलो.

आईही बरी आहे. तिच्या उजव्या कानापुढे एक बारीक गाठ होती, तू घरी असतानाच आली होती बघ. 'मेला डास चावलाय' म्हणून तिने सोडून दिली होती. ती गेल्या महिन्यात काढून टाकली. थोडी सूज आहे. शाळेतून रजा घेतली आहे, त्यामुळे दिवसभर माझ्यावर शिकवणी चालते.

परवा तुझा वाढदिवस झाला.  सकाळी आई तुझ्या खोलीची खिडकी उघडून बराच वेळ तिथे बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "खोलीला कुबट वास येतोय."

औषधाच्या दुकानातली नवी नोकरी कशी आहे? दिवसभर उभं राहावं लागतं का? दोन ओळी लिही. पण घरी नको, कंपनीच्या पत्त्यावर. मीही हे कंपनीच्या गोदामात बसूनच लिहितोय.

बाबा

९ डिसेंबर

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण चौथीत विचारलंस, 'सूज उतरली का?'

सूज नव्हतीच. मागच्या पत्रात ते मी लिहिलं, कारण आईने मला बजावून ठेवलं आहे. "तिला कळता कामा नये. कीव येऊन धावत येईल, आणि कीव येऊन आलेलं माणूस मला नको." तुम्ही दोघी कुणावर गेलात कुणास ठाऊक. मी तर मऊ माणूस.

गाठ वाईट होती. चेहरा हलवणारी नस बरोबर तिच्या पोटातून गेलेली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, गाठ पुरती काढायची तर नस जाईल. आई म्हणाली, जाऊ दे. गाठ गेली, तपासण्या स्वच्छ आल्या, जीव वाचला. पण उजवी बाजू गेली. कपाळ, डोळा, गाल, ओठ, सगळं गळाठून खाली आलंय. उजवा डोळा मिटत नाही. झोपताना त्यात मलम घालते आणि पापणी चिकटपट्टीने खाली चिकटवते. पाणी प्यायलं की कोपऱ्यातून गळतं, म्हणून माझ्यासमोरही पाठ करून पिते. घास गालात अडकतो, तो बोटाने काढावा लागतो. आम्ही आता एकत्र जेवत नाही. मला आधी वाढते आणि म्हणते, "तुम्ही घ्या, मला भूक नाही."

आणि बोलणं. प, फ, ब, भ, म. ओठ जुळल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत, हे मला या वयात कळलं. तिला ते कायमच माहीत होतं. बहिऱ्या मुलांना तिने आयुष्यभर हेच शिकवलं, ओठांकडे बघून शब्द ओळखायला. परवा आरशासमोर उभी राहून एकेक अक्षर म्हणून बघत होती. मला म्हणाली, "आई म्हणायला ओठ जुळवावे लागत नाहीत, बघा. तेवढं एक बरं आहे."

यावर इलाज आहे. डॉक्टरबाई पायातली एक नस काढून चेहऱ्यात जोडणार. पण हे वर्षाच्या आत व्हायला हवं. नस तुटली की गालातले स्नायू काही काळ वाट बघतात, म्हणाल्या, मग सुकतात. सुकल्यावर कितीही नस जोडा, ऐकणारं कुणी राहत नाही.

शाळेने काढलेल्या विम्यात हे बसेल असं आम्ही धरून चाललो होतो. गाठीचा सगळा खर्च त्यांनी विनातक्रार दिला होता. आता कळवलं आहे की, 'सदर शस्त्रक्रिया रूप सुधारण्यासाठी असून वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही.'

आईने ते वाचलं आणि म्हणाली, "या वयात मी रूप सुधारायला निघाले होय? आधी कुणी सांगितलं असतं, तर तरुणपणीच सुधारलं असतं."

हसायला हवं म्हणून मी हसलो. तिला हसता आलं नाही.

तुला हे सांगितल्याचं तिला कळू देऊ नकोस.

बाबा

२१ फेब्रुवारी

ठकू,

मलमाचं पार्सल पोचलं. तू लिहिलंस तसंच केलं, जुनं पातळ मलम टाकून हे घट्ट सुरू केलं. आईला सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. तिने ट्यूब हातात घेतली. तू वर चिठ्ठी चिकटवली होतीस ना, 'झोपताना, भरपूर', ती वाचली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं अक्षर अगदी कोंबडीच्या पायांसारखं आहे. कितीदा गिरवून घेतलं, सुधारलं नाही."

म्हणजे कळलं. आता घरच्या पत्त्यावर लिहिलंस तरी चालेल.

आम्ही विमा कंपनीच्या निर्णयाविरुद्ध अर्ज केला, तेव्हा त्यांनी दोघांना बोलावलं. तिसरा मजला. लिफ्ट बंद होती. मी सवयीने दाराशी थांबलो, आईने हाताला धरून जिन्याकडे नेलं. वर एक तरुण अधिकारी होता. वाईट नव्हता मुलगा. पाणी विचारलं, आईला खुर्ची ओढून दिली. मग म्हणाला, "काकू, जरा हसून दाखवता?"

आई हसली. म्हणजे डावीकडे.

"गाल फुगवा. डोळे मिटा. बरं. जेवता येतं ना?"

"येतं."

"बोलता येतं, ते तर मी ऐकतोच आहे. दिसतं. मग काकू, अडतंय कुठे?"

"मुलं माझं तोंड वाचतात," आई म्हणाली.

तो कागद पाहत होता. "किती मुलं तुम्हाला?"

"एक मुलगी," आई म्हणाली, "आणि एक वर्ग."

मी पुढे होऊन शाळेबद्दल समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, लिहूनही घेतलं. पण म्हणाला, 'काम करण्यातली अडचण' हा त्यांच्या पॉलिसीत वेगळा भाग आहे आणि तो शाळेने घेतलेला नाही. शेवटी त्याने गाठीच्या आधीचा एक फोटो मागितला, दात दिसतील असा. तुलना करायला.

ठकू, घरात तसा फोटो कुठे होता, ते तुला माहीत आहे. आईचा हसतानाचा फोटो काढणं म्हणजे देवाला जांभई देताना पकडणं. एकच होता, तुझ्या लग्नातला. तो अल्बम तू घर सोडलंस त्या दिवसापासून माळ्यावर पडला होता. मी म्हणालो, "शाळेच्या ओळखपत्रावरचा देऊ." ती म्हणाली, "त्यात मी कैद्यासारखी दिसते." स्वतः स्टूल लावून माळ्यावर चढली आणि अल्बम काढला. तुझ्या कानात ती काहीतरी सांगते आहे आणि तुम्ही दोघी पोट धरून हसताय, तो फोटो. कडेला नवरदेवाचा खांदा आला होता. तिने कात्री घेतली आणि तो खांदा कापून टाकला.

"याचा आपल्या क्लेमशी काही संबंध नाही," म्हणाली.

तू सासर सोडून बॅग घेऊन परत आलीस तेव्हा ती तुला काय म्हणाली होती, ते या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे. 'चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.' तुझ्यापेक्षा जास्त वेळा ते आता तिलाच ऐकू येत असावं. मी विषय काढत नाही. मी फक्त पाहिलं ते लिहिलं.

बाबा

६ मे

ठकू,

अर्ज फेटाळला. पुन्हा 'रूप'. आता वर एक तज्ज्ञांची समिती असते, तिच्याकडे जाता येतं. डॉक्टरबाईंनी पुन्हा सविस्तर लिहून दिलं. या वेळी त्या रागावल्या होत्या. "मी हाताची नस जोडली असती तर यांनी विचारलं असतं का, की हात सुंदर दिसावा म्हणून करताय?" समिती महिन्यातून एकदाच बसते, आणि मागच्या वेळी एक सदस्य आला नाही म्हणून बसलीच नाही.

तू पैसे पाठवते म्हणालीस. कर्ज मागितलं तर बँकेने माझं वय बघून हात वर केले होते, त्यामुळे क्षणभर माझी मान हो म्हणणार होती. पण आईला विचारल्याशिवाय घेता येईना. ती म्हणाली, "तिला सांगा, आत्ता कुठे ती पायावर उभी राहिली आहे. तिच्या पायाखालची फळी काढून मला माझा गाल उचलायचा नाही." मी पुष्कळ समजावलं. तुला माहीत आहे, तिला समजावणं म्हणजे भिंतीला रजा मागणं.

शाळेचं सांगतो. ती परत जायला लागली होती. पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळली. हात वेगळं सांगतात, ओठ वेगळं सांगतात, चेहरा काहीच सांगत नाही. वर्गातली एक लहान मुलगी पुढे आली आणि तिने खुणांनी विचारलं, "बाई, तुम्ही अर्ध्या रागावल्या आहात का?"

घरी येऊन आईने मला हे हसण्यावारी नेऊन सांगितलं. त्या मुलीने खूण कशी केली तेही करून दाखवलं, चेहऱ्याच्या मधोमध बोटाने रेघ. मग तिचे हात तसेच हवेत राहिले.

मुख्याध्यापिका भल्या आहेत. त्यांनी मुलांच्या पालकांची कुरकुर कानावर घातली आणि म्हणाल्या, इलाज होईपर्यंत ग्रंथालय सांभाळा. आई आता पुस्तकांना कव्हरं घालते. मी विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाली, "पुस्तकं छान आहेत. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत."

मलम संपत आलंय. हे मी नाही म्हणत, तिने निरोप दिलाय.

बाबा

१७ ऑगस्ट

ठकू,

आधीच सांगतो, आता धोका टळलाय.

मागच्या आठवड्यात ती शाळेतून चालत येत होती. समोर रस्ता खोदत होते, वारा सुटला आणि धूळ उडाली. आपण डोळा मिटतो, तिला मिटता येत नाही. तिने हात लावला, पण उशीर झाला होता. घरी आली तेव्हा डोळा लाल होता. "धुतलाय, बसेल आपोआप," म्हणाली. दुसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला आणि ती उजेडाकडे बघेना. दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रंदिवस तासातासाला थेंब. मी घालायचो, नर्स घालायची. जखम भरली, पण ठिपका राहिला. त्या डोळ्याने आता धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं.

विमा कंपनीला हे कळवलं. डोळ्याचा दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी मंजूर केला, तोही तडकाफडकी. 'आवश्यक' म्हणून. पापणी मिटेल असं करा म्हणून आम्ही इतके महिने दारात उभे होतो, तेव्हा ते रूप होतं. डोळा गेल्यावर ती गरज झाली.

मी त्या तरुण अधिकाऱ्याला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी आवाज चढवून बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाला, "काका, मी फाइल स्वतः घेऊन समितीपुढे जातो." खरं सांगू, मला त्याची दया आली. त्याच्याही वरती कुणीतरी बसलेलं असतं.

दवाखान्यात असताना ती एकदा झोपेत बोलली. तुझं नाव घेतलं. हे तिला माहीत नाही. तुला माहीत असावं, म्हणून लिहितो.

बाबा

११ डिसेंबर

ठकू,

मंजूर झालं.

त्या मुलाने स्वतः फोन केला. आवाजावरूनच कळत होतं, आनंदाने फुलला होता. "काका, समितीने मान्य केलं. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक. पूर्ण खर्च. काकूंना सांगा." मी त्याचे आभार मानले. आईला सांगितलं, तर तिने आधी पदराने तोंड पुसलं, कोपऱ्यातून गळत नव्हतं तरी, आणि म्हणाली, "चला."

डॉक्टरबाईंनी तपासायला घेतलं. बारीक सुई गालात घालतात, ती एका यंत्राला जोडलेली असते. स्नायू जिवंत असेल तर यंत्रातून कुरकुर ऐकू येते. कपाळ, गाल, ओठाचा कोपरा. सगळीकडे सुई घातली. खोलीत काही आवाज आला नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळीकडे घातली. मग सुई ठेवून दिली आणि हातमोजे काढत बसल्या. एकेका बोटाचा मोजा वेगळा काढावा तसा वेळ लावला त्यांनी.

आईनेच विचारलं, "वाट बघून कंटाळले का?"

"हो," त्या म्हणाल्या.

आता नस जोडण्यात अर्थ नाही. मांडीतला स्नायू आणून बसवायचं एक फार मोठं ऑपरेशन असतं, पण आईचं हृदय ते सोसेल असं त्यांना वाटत नाही. होण्यासारखं एवढंच आहे: वरच्या पापणीत सोन्याचं बारीक वजन बसवायचं, म्हणजे ती मिटेल. आणि ओठाचा कोपरा आतून एका पट्टीने वर बांधायचा, म्हणजे पाणी गळणार नाही. डोळा मिटेल, जेवता येईल. हालचाल येणार नाही. हसू येणार नाही. वर्गही नाही.

परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "त्या मुलाला फोन करून हे सांगू नका. त्याने मनापासून केलं होतं."

ऑपरेशन जानेवारीत आहे. आई म्हणते, ठकूला त्रास देऊ नका, तिला रजा मिळायची नाही. हे म्हणते आणि काल तिने तुझ्या गादीला दिवसभर ऊन दाखवलं. तुझ्या खोलीतला बल्बही बदलून घेतला माझ्याकडून. कुणी राहायला येतंय का विचारलं, तर म्हणाली, "गेलेला बल्ब ठेवू नये घरात."

ये.

बाबा

४ फेब्रुवारी

ठकू,

अक्षर बघून ओळखलं असशील. हे पत्र मी लिहिते आहे. तुझ्या बाबांनी माझ्याबद्दल वर्षभर काय काय लिहिलं असेल, ते मला विचारायचं नाही. ते गोदामात बसून लिहितात हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. शर्टाला शाई आणि ग्रीस दोन्ही लावून यायचे.

आधी तब्येतीचं. टाके निघाले. डोळा मिटतो. एवढ्या दिवसांनी काल पहिल्यांदा चिकटपट्टी न लावता झोपले आणि सकाळी जाग आली तेव्हा अंधार होता. मी घाबरले. मग लक्षात आलं, पापणी मिटलेली आहे. सोनं अंगावर घालायची हौस राहिली होती, ती अशी फिटली. पाणी समोर बसून पिते. तुझे बाबा टक लावून बघत बसतात, जसं काही मी सर्कशीत आहे.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. ऑपरेशनला येऊन तू परत निघालीस तेव्हा बसथांब्यावर बाबांना म्हणालीस, "आईला माझं येणं आवडलेलं दिसलं नाही. दारात उभी राहिले तर तिचा चेहरा दगडासारखा होता." बाबा काही सांगणार तेवढ्यात बस आली. त्यांनी हे मला काल सांगितलं. चार दिवस पोटात ठेवलं होतं म्हणे.

नीट वाच, ठकू. घाई करू नकोस.

उजवी बाजू माझी हलत नाही, ती आता हलणारही नाही. डावी हलते. पण डावी एकटी हलली की सगळा चेहरा तिकडे ओढला जातो. लोक दचकतात. दुकानात एक बाई तिच्या बाळाचं तोंड दुसरीकडे फिरवून घेऊन गेली. वर्गातल्या मुलांना तो राग वाटायचा. म्हणून मी डावी बाजूही आवरून धरायला शिकले. आतून दात दाबून धरायचे, म्हणजे काही हलत नाही. इतकी सवय झाली की आता मला कळतही नाही. तू दारात उभी राहिलीस, हातात ती लहानशी बॅग होती, केस कापलेले होते, बारीक झाली होतीस. मी दात दाबून धरले होते. कारण तू दचकू नयेस. एवढ्या दिवसांनी आलेलं माणूस दारातूनच दचकून मागे फिरलं तर काय करायचं?

मी हसत होते, ठकू.

दवाखान्यात तू नर्सशी वाद घातलास, थेंब आधी की मलम आधी, आणि ती तुला 'तुम्ही डॉक्टर आहात का' म्हणाली तेव्हा तू 'नाही, मी हिची मुलगी आहे' म्हणालीस. तेव्हा मी पट्ट्यांच्या आत होते. तेव्हाही. तू खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपली होतीस, लहानपणी झोपायचीस तशी, तेव्हा तर कुणी बघत नव्हतं, म्हणून मी आवरलंही नाही. तू जागी असतीस तर बघितलं असतंस.

हे असं लिहून कळवावं लागतं आहे. आयुष्यभर मी चेहऱ्यावरून शब्द ओळखायला शिकवलं, आणि आता माझ्या मुलीला माझा चेहरा पत्राने समजावून सांगते आहे. पण सांगते. कारण तू दगड बघून गेलीस, आणि तेच डोळ्यांपुढे ठेवून तिकडे दिवस काढशील, हे मला सहन होत नाही.

रजा मिळेल तेव्हा ये. लवकर ये असं म्हणत नाही, तुझं काम आहे. यायच्या आधी कळव, म्हणजे मी दारात उभी राहीन. आणि या वेळी दात दाबणार नाही. तोंड एकदम वाकडं होईल, डावीकडे ओढलं जाईल, डोळा बारीक होईल, कदाचित ओठातून आवाजही येईल. रस्त्यावरच्या कुणाला वाटेल, बाई रागावली.

तू थांबून बघ. ते हसू आहे.

आई